‘सर, हे चोवीस कशाचे?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंधरा-वीस दिवसांपूर्वी आपल्या अंकात एका पालकांचं पत्र आलं होतं. त्यांच्या मुलीला पाच विषयांत मिळून मैत्रिणीपेक्षा जास्त मार्क आहेत, तरी मैत्रिणीचा एसजीपीए (सेमिस्टरच्या ग्रेडची सरासरी) हिच्यापेक्षा वर कसा, एवढाच त्यांचा प्रश्न. त्यावर नंतर दोन उत्तरं छापून आली. एका प्राध्यापकांनी नव्या शैक्षणिक धोरणाचं महत्त्व सांगितलं. दुसऱ्यांनी हल्लीची मुलं वाचत नाहीत याची खंत व्यक्त केली. पालकांचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

मी प्राध्यापक नाही. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात १९९२ ते २०२३ अशी एकतीस वर्षं काढून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालो. परीक्षेचे फॉर्म, हॉल तिकिटं, बैठक व्यवस्था, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, गुणांची लेजरं, गुणपत्रिका, एटीकेटीच्या (विषय राहिलेल्या मुलांच्या) याद्या हेच माझं आयुष्य. मुलं आम्हाला खिडकीत ‘सर’ म्हणतात आणि खिडकीपासून चार पावलं लांब गेली की ‘तो क्लार्क’. त्याबद्दल तक्रार नाही. सांगायचं एवढंच, की मार्क देणारा वेगळा आणि मार्क भरणारा वेगळा असं बाहेरच्या माणसाला वाटतं. नोकरीला लागलो तेव्हा मलाही तसंच वाटायचं.

आधी त्या पालकांचं कोडं सोडवतो, कारण ते सोपं आहे.

माझ्या वेळी आमच्याकडे जो तक्ता होता तो असा. शंभरपैकी ८० किंवा त्याहून जास्त म्हणजे ‘ओ’, त्याचे ग्रेड पॉइंट १०. ७० ते ७९ ‘ए प्लस’, ९ पॉइंट. ६० ते ६९ ‘ए’, ८. ५५ ते ५९ ‘बी प्लस’, ७. ५० ते ५४ ‘बी’, ६. ४५ ते ४९ ‘सी’, ५. ४० ते ४४ काठावर पास, ४. त्याखाली ‘एफ’ आणि भोपळा. यातली अक्षरं आणि त्यांच्यापुढचे आकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ च्या सुमारास सगळ्यांना घालून दिले. पण कुठल्या मार्काला कुठलं अक्षर हे मात्र ज्याच्या त्याच्यावर सोडलं. ‘बी’ची रेघ ५० च्या खाली नको आणि ‘बी प्लस’ची ५५ च्या खाली नको, एवढंच बजावलं. त्यामुळे या विद्यापीठाचा ‘ए’ आणि त्या विद्यापीठाचा ‘ए’ हे फक्त नावाने सख्खे.

आता पाच विषय धरा, प्रत्येकी ४ क्रेडिटचे. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन. सेमिस्टरभरात १५ तास वर्गात शिकवलं की एक क्रेडिट, म्हणून ४ क्रेडिटचा विषय ६० तासांचा. एका मुलीला पाचही विषयांत ६९ पडले. बेरीज ३४५. प्रत्येक विषयात ‘ए’, म्हणजे ८ पॉइंट, एसजीपीए ८.००. दुसरीला दोन विषयांत ७० आणि तीन विषयांत ६०. बेरीज ३२०, म्हणजे पहिलीपेक्षा पंचवीस मार्क कमी. पण तिचे पॉइंट ९, ९, ८, ८, ८. बेरीज ४२, भागिले ५, एसजीपीए ८.४०. झालं कोडं. एसजीपीए मार्क मोजत नाही, पायऱ्या मोजतो. पहिली मुलगी पाच वेळा पायरीच्या पुढच्या काठावर उभी राहिली आणि पाचही वेळा तिला त्याच पायरीवर धरलं गेलं. तिसरी एखादी शंभरपैकी शंभर घेऊन आली तरी तिला ८० वालीइतकेच १० पॉइंट मिळणार.

क्रेडिट सारखे नसले तर ग्रेड पॉइंटला क्रेडिटने गुणायचं, सगळी बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. कागद-पेन घेऊन घरी करता येतं. पालकांनी एकदा करून पाहावं, निम्म्या चकरा वाचतील. आणि जाता जाता एक सांगतो. सीजीपीएला, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या मिळून सरासरीला, ९.५ ने गुणून टक्के काढू नका. तो सीबीएसईच्या दहावीचा हिशेब होता, तो पदवीला लागत नाही. प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं असतं आणि बहुतेक वेळा गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं असतं. नोकरीच्या अर्जात चुकीचे टक्के भरून नंतर पडताळणीला अडकलेली चार-पाच मुलं तरी माझ्या खिडकीशी रडून गेली आहेत.

हे झालं गणित. गणितात लबाडी नाही, ते ज्याला त्याला तपासता येतं. पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणासाठी. त्या ६९ मधले मार्क येतात कुठून, हे कोणी विचारलं नाही.

आमच्या विद्यापीठात शंभरातले ७० विद्यापीठाच्या लेखी परीक्षेचे असतात आणि ३० महाविद्यालयाचे. हे ३० म्हणजे अंतर्गत मूल्यमापन, कॉलेजच्या भाषेत ‘इंटर्नल’. सत्तराची गोष्ट आधी आटोपतो. ती उत्तरपत्रिका सीलबंद जाते, तिच्यावर बारकोड लागतो, नाव-नंबर झाकला जातो. दुसऱ्याच गावच्या कॅप सेंटरवर, म्हणजे तपासणी केंद्रावर, कुणी अनोळखी प्राध्यापक ती तपासतो, त्यातल्या काही मॉडरेटर पुन्हा पाहतो. पटलं नाही तर मुलगा पैसे भरून झेरॉक्स मागवतो, पुनर्मूल्यांकनाला टाकतो. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याला माहिती अधिकारात हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये सांगून टाकलं. या सगळ्यात घोळ होत नाहीत असं नाही. पुरवणी गहाळ होते, बेरीज चुकते, हजर मुलगा गैरहजर दिसतो. पण निदान कागद असतो. भांडायला काहीतरी हातात असतं.

तिसाचं तसं नाही.

आमच्याकडे कागदोपत्री तिसाची फोड होती: चाचणी १५, गृहपाठ किंवा प्रकल्प १०, उपस्थिती आणि वर्गातला सहभाग ५. ही फोड प्रॉस्पेक्टसमध्ये छापलेली होती. वर्गात किती जणांनी ती मुलांना सांगितली, हे मला मोजायला लावू नका. सेमिस्टर संपता संपता विद्यापीठाचं पोर्टल उघडतं, गुण भरायची शेवटची तारीख येते, ती एकदा वाढते, मग खरी शेवटची तारीख येते. प्रत्येक प्राध्यापकाने आपल्या लॉगिनने आपल्या विषयाचे गुण स्वतः भरायचे असा नियम. आणि माझ्या डायरीच्या मागच्या पानावर अकरा प्राध्यापकांचे पासवर्ड लिहिलेले होते.

त्यांतले पाच-सहा जण रीतसर यादी द्यायचे. चाचणीचे इतके, गृहपाठाचे इतके, सही, तारीख. एक इतिहासाच्या बाई होत्या, त्या तर माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि मी चुकीचा आकडा दाबला की हातावर चापट मारायच्या. त्यांच्या यादीत ९ असायचे, १४ असायचे, २९ असायचे. उरलेल्यांच्या याद्या यायच्या नाहीत, फोन यायचे. रात्री साडेआठला, मागे लग्नाचा बँड वाजतोय आणि प्राध्यापक सांगतायत, ‘‘टाका हो, सगळ्यांना पंचवीस ते अठ्ठावीसच्या मधे. सारखे नका टाकू फक्त.’’

सारखे टाकायचे नाहीत म्हणजे कसे टाकायचे, हे मी ठरवायचो. एकशे दहा-वीस नावांचा रकाना रिकामा. २६, २५, २७, २६, २८, २५, असं सुरू करायचं. रकाना फार गुळगुळीत दिसला तर विद्यापीठातून विचारणा येईल, म्हणून मधूनच कुणाला तरी २४ टाकायचे. मी वाणिज्य शाखेचा साधा पदवीधर. कॉस्टिंगच्या, भूगोलाच्या, मानसशास्त्राच्या मुलांना पदवीच्या परीक्षेत मी मार्क दिलेत, संपादक महोदय. कितीदा, ते आता आठवत नाही.

तुम्ही म्हणाल, पंचवीस काय आणि सत्तावीस काय, मुलांचं तर भलंच झालं. मीही एकतीसपैकी निदान पंधरा वर्षं स्वतःला हेच सांगत होतो. शिवाय न देऊन चालायचंही नाही. इतिहासाच्या बाईंचे मार्क खरे होते म्हणून त्यांची मुलं तोट्यात जायची. शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजात सरसकट २८ पडायचे. तिकडचा मुलगा सत्तरपैकी ४२ घेऊन ७० वर जाणार, ‘ए प्लस’. आमचा त्याच ४२ वर बाईंचे खरे १६ मिळवून ५८ वर राहणार, ‘बी प्लस’. दोन पायऱ्यांचा फरक, आणि लेखी परीक्षेत दोघं एकाच जागी. बाईंकडे मग पालक यायचे, संस्थेचे लोक यायचे. शेवटी शेवटी बाईही २२ च्या खाली जात नव्हत्या. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी मला म्हणाल्या, ‘‘तुम्ही जिंकलात.’’ थट्टेत म्हणाल्या असतील. मला ते लागलं.

आणि एक बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर मी फक्त दुसऱ्यांवर चिखल उडवतोय असं होईल. लग्नातून फोन करणारे ते सर तासिका तत्त्वावर होते. सकाळी आमच्याकडे, दुपारी दुसऱ्या कॉलेजात, शनिवारी तिसरीकडे. त्यांचं मानधन कधी वेळेवर आलेलं मी पाहिलं नाही, आणि त्याची बिलं मीच टाइप करायचो. एकशे वीस मुलांचे गृहपाठ घरी नेऊन तपासा असं त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं? कायम प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं भरलेल्या नव्हत्या. जिथे शिकवायलाच माणूस नाही तिथे मूल्यमापन कोण करणार? ते खिडकीत सरकत आलं. माझ्याकडे.

गंमत म्हणजे ज्याला हे तीस कामाला यायचे नाहीत तो नेमका गरजू मुलगा असायचा. आमच्याकडे तीस आणि सत्तर दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागायचं. सत्तरात २८ पाहिजेत. एखाद्याला सत्तरपैकी २७ आणि तिसापैकी २९, बेरीज ५६. तरी तो नापास. आणि दुसरा २८ अधिक २४ म्हणजे ५२, तो पास. पहिल्याचा बाप गुणपत्रिका हातात घेऊन विचारायचा, ‘‘साहेब, छप्पन्न म्हणजे नापास कसा?’’ त्याला हा नियम समजावून सांगायला एक अख्खी दुपार जायची.

आता २०२० कडे येतो.

टाळेबंदी लागली, परीक्षा झाल्या नाहीत. एप्रिलमध्ये आयोगाने मार्गदर्शक सूचना काढल्या, की मधल्या वर्षांच्या मुलांची परीक्षा घेणं शक्य नसेल तर निकाल असा लावावा: निम्मे गुण त्या सेमिस्टरच्या अंतर्गत मूल्यमापनाचे आणि निम्मे आधीच्या सेमिस्टरच्या कामगिरीचे. शेवटच्या वर्षाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, वर्तमानपत्रांत रोज छापून आलं. मधल्या वर्षांबद्दल कोणी फार बोललं नाही, कारण सगळे पास झाले होते. पास झालेल्याची बातमी होत नाही.

पण जरा हिशेब करा. तिसाला शंभरात तीसाचं वजन होतं, ते एका रात्रीत पन्नासाचं झालं. तेच तीस, जे मी २६, २५, २७ करत भरत होतो.

मे महिन्याच्या शेवटी मी पोलिसांचा पास घेऊन कॉलेजात जात होतो. आवारात कुत्रं नाही. कार्यालयात मी आणि एक शिपाई, तोंडाला रुमाल. प्राध्यापक आपापल्या गावी. काहींनी मुलांकडून व्हॉट्सअॅपवर गृहपाठ मागवले होते, त्यांनी याद्या ईमेल केल्या. काहींचे फोन आले. एस.वाय.बी.कॉम.च्या कॉस्टिंगचा फोनच आला. ‘‘चोवीस ते अठ्ठावीस, बघून घ्या.’’ मी बघून घेतलं. वर पंखा फिरत होता आणि मी एंटर, एंटर, एंटर करत खाली जात होतो. पाऊण तासात वर्ग संपला.

पंधरा फेब्रुवारी २०२१ ला कॉलेजं निम्म्या हजेरीत उघडली, त्यानंतर आठ-दहा दिवसांत एक मुलगी खिडकीत आली. टी.वाय.ची. चेहऱ्यावर मास्क, त्यामुळे डोळेच काय ते दिसले. वस्तीवरून यायची, चौदा किलोमीटर, एसटीने. तिने मागच्या वर्षाची गुणपत्रिका खिडकीच्या फळीवर ठेवली आणि कॉस्टिंगच्या ओळीवर बोट.

‘‘सर, हे चोवीस कशाचे?’’

मी म्हटलं, ‘‘इंटर्नलचे.’’

‘‘ते कळलं. पण कशाचे चोवीस? चाचणी झाली नव्हती. गृहपाठ मी दिला होता.’’ आणि तिने मोबाइल काढला. स्क्रीनला एका कोपऱ्यात तडा गेलेला. बारा पानांचा गृहपाठ, हाताने लिहिलेला, रेघांच्या वहीत कॉस्ट शीटचे तक्ते पट्टीने आखलेले, प्रत्येक पानाचा वेगळा फोटो. १४ मे २०२०, संध्याकाळी सहा चाळीस. प्रत्येक फोटोखाली दोन निळ्या खुणा. ‘‘सरांनी उघडलाय,’’ ती म्हणाली. ‘‘यात काय चुकलं एवढं सांगा. गोठ्याच्या पत्र्यावर चढून पाठवलाय, खाली रेंज येत नाही.’’

तिचा हिशेब तिने स्वतः केला होता, कागदावर. आधीच्या सेमिस्टरला तिला ५६ टक्के, त्याचे निम्मे २८. तिसापैकी २४ म्हणजे पन्नासपैकी ४०. बेरीज ६८, ‘ए’. तिसापैकी २५ असते तर पन्नासपैकी ४१.६७, बेरीज ६९.६७, पूर्णांकात ७०, म्हणजे ‘ए प्लस’. एका मार्काने एक पायरी. चार क्रेडिटचा विषय, सेमिस्टरचे क्रेडिट बावीस, म्हणजे एसजीपीएमध्ये ०.१८ चा फरक. तीन वर्षांच्या १३२ क्रेडिटवर पसरला तर सीजीपीएत ०.०३. हे ०.०३ सुद्धा तिने लिहिलं होतं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. ज्यांना ०.०३ किरकोळ वाटतं त्यांनी एकदा पदव्युत्तर प्रवेशाची गुणवत्ता यादी पाहावी. दशांशाच्या दुसऱ्या स्थानावर दहा-दहा मुलं एकमेकांच्या डोक्यावर बसलेली असतात.

मी तिला सांगितलं, अंतर्गत गुणांचं पुनर्मूल्यांकन होत नाही. हे खरं होतं. मग म्हटलं, सरांना विचार. ती म्हणाली, सर आता या कॉलेजात नाहीत. हेही खरं होतं. मग म्हटलं, ‘‘बघतो.’’ सरकारी भाषेत याचा अर्थ काय होतो ते वाचकांना सांगायला नको. तिने कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि एसटीची वेळ झाली म्हणून गेली. परत आली नाही.

माझ्या बहिणीचा मुलगा पवईला आयआयटीत होता. त्या दिवाळीत मी त्याला विचारलं, तुमच्याकडे कसं असतं? तिथे एए, एबी, बीबी, बीसी असं खाली डीडीपर्यंत उतरत जातं, एएचे दहा, डीडीचे चार. पण त्या अक्षरांसाठी आपल्यासारखा छापील तक्ता नसतो. वर्गाचे सगळे मार्क समोर आले की कुठे रेघ ओढायची हे शिकवणारा प्राध्यापक ठरवतो. पेपर अवघड निघाला तर रेघ खाली येते, सोपा निघाला तर वर जाते. मी विचारलं, मग तुमचा मार्क शेजाऱ्याच्या मार्कावर ठरतो की. तो म्हणाला, थोडाफार तसंच. मला ते काही पटलं नाही. आमच्या वर्गात अर्धी मुलं पहाटे दूध घालून येणारी, त्यांना एकमेकांशी आणखी कशाला तोलायचं. आयोगाने तसं, एकमेकांच्या तुलनेत ग्रेड द्यायलाही मोकळीक ठेवलेली आहे, पण आमच्यासारख्या ठिकाणी छापील तक्ताच बरा.

एका गोष्टीवर मात्र मी त्याला तीनदा विचारलं. तपासलेला पेपर तिथे मुलांच्या हातात परत येतो. एक दिवस ठरलेला असतो, मुलं पेपर घेऊन रांगेत उभी राहतात, इथे दीड कापलात तो का, तिथे पायरी लिहिलीय तिचा अर्धा का नाही, असं भांडतात. त्याला ते लोक ‘क्रिब’ म्हणतात. ‘‘मामा, सेमिस्टर सुरू होतानाच कागदावर देतात,’’ तो म्हणाला, ‘‘क्विझला इतकं वजन, मिडसेमला इतकं, एंडसेमला इतकं. बेरीज आम्हालाही करता येते.’’ त्याच्या बोलण्यात काही विशेष आहे असं त्याला वाटतच नव्हतं. तो फराळाचं ताट घेऊन टीव्हीसमोर गेला.

हे सगळं आज काढण्याचं कारण असं. मी निवृत्त झाल्यावर, २०२४-२५ पासून, नवं धोरण आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांना लागू झालं. (स्वायत्त कॉलेजांत ते वर्षभर आधी आलं.) आता दोन-दोन क्रेडिटचे विषय वाढलेत. कौशल्याचे, मूल्यांचे, भारतीय ज्ञानप्रणालीचे. शिवाय क्षेत्र प्रकल्प, कार्यानुभव, सहअभ्यासक्रम. हेतू चांगलाच आहे, मी त्यात शिरत नाही. पण यातल्या कितीतरी गोष्टींचे मार्क कॉलेजातच ठरतात. म्हणजे माझ्या जागी आता जो मुलगा बसतो त्याच्यापुढे रिकामे रकाने माझ्यापेक्षा जास्त आहेत. परवा बाजारात भेटला. म्हणाला, ‘‘अण्णा, तुमचा तो पॅटर्न काय होता हो, सव्वीस-पंचवीसचा?’’ हसत म्हणाला. मी भाजीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

प्राध्यापक मंडळींना आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला माझं सांगणं फार नाही. पहिल्या तासाला फळ्यावर तिसाची फोड लिहा आणि मुलांना वहीत उतरवून घ्यायला सांगा. चाचणीचा पेपर आणि गृहपाठ तपासून मुलाच्या हातात परत द्या, त्याने सही करून ठेवू दे. पोर्टलवर भरण्याआधी आठ दिवस ती यादी फोडीसकट नोटीस बोर्डावर लावा. नाव नको, पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) पुरे. ज्याला शंका असेल तो येईल. मुलं वाद घालतील, असं म्हणतात. घालू द्या की. वाद घालायला त्याने आधी स्वतःचा गृहपाठ वाचलेला असावा लागतो. आणि गुण प्राध्यापकानेच भरावेत, पासवर्ड कार्यालयात ठेवणाऱ्याला नोटीस काढा. पहिली नोटीस कार्यालयाला काढा.

विद्यापीठाने आणखी एक करावं. प्रत्येक कॉलेजची, प्रत्येक विषयाची तिसातली सरासरी आणि सत्तरातली सरासरी शेजारी शेजारी छापावी. सगळे आकडे त्यांच्याच पोर्टलमध्ये पडलेले आहेत. एक्सेल येणाऱ्या माणसाचं एका दुपारचं काम आहे, मला बोलावलं तर मी येऊन करून देईन, चहावर. सत्तरात सरासरी २९ आणि तिसात सरासरी २६ असलेलं कॉलेज कुठलं, हे लोकांना आपोआप दिसेल. त्यात आमचंही असेल.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना तपासणीचे पैसे वेगळे द्या आणि वेळेवर द्या. ते दिल्याशिवाय वरचं सगळं कागदावर राहील. इथे मी थांबतो, हा विषय माझ्या पत्रापेक्षा मोठा आहे.

त्या मुलीचं नाव मी लिहीत नाही, पण ती किंवा तिच्या घरचं कोणी हा अंक वाचत असेल तर तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही होतं. ती गेल्यावर मी लेजर काढून पाहिलं होतं. त्या दिवशी मी दर दहाव्या नावाला २४ टाकले होते, रकाना खरा दिसावा म्हणून. दहा, वीस, तीस, चाळीस, असे. तिचा रोल नंबर ७० होता.

आपला,
एक निवृत्त मुख्य लिपिक, जि. अहिल्यानगर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)